गरम डबा गार झाल्यावर का चेपतो?



आजच्या भाषणात बियाणं नाही, खत नाही, रोग-कीडही नाही. आज बोलायचं आहे ते डब्याबद्दल. तुम्ही म्हणाल, डब्यात काय सांगण्यासारखं आहे? पण डबा, ड्रम, टाकी, फवारणीचा पंप आणि पाइपलाइन यांवाचून शेतकऱ्याचा एक दिवस जात नाही. यांपैकी एखादी वस्तू एका रात्रीत आपोआप चेपून गेली तर नुकसान होतंच, शिवाय विनाकारण कुणावर तरी आळ येतो. म्हणून त्यामागचं कारण समजून घेऊ.

गुऱ्हाळावरची गोष्ट

कोल्हापूरच्या बाजूला एका गुऱ्हाळावर घडलेली ही गोष्ट. थंडीचे दिवस होते. तिथल्या आबांनी गुळाबरोबर काकवीही काढली होती. संध्याकाळी आधण उतरलं. काकवी थोडी निवली न निवली तोच पंधरा किलोच्या बारा नव्या डब्यांत भरली आणि झाकणं ठोकून घट्ट बसवली. सकाळी टेम्पो यायचा होता, म्हणून ही घाई.

रात्री सगळे निजल्यावर छपरातून टाण्‌ टाण्‌ असे आवाज सुरू झाले. गडी कंदील घेऊन धावले. बघतात तर डबे आपले आपणच आत जात होते. सकाळी मोजले, तर बारापैकी दहा डबे चेपले होते. त्यांतल्या चार डब्यांच्या कोपऱ्याचा जोड सुटला होता, काकवी जमिनीवर वाहत होती आणि तिला मुंग्या लागल्या होत्या. टेम्पोवाला म्हणाला, "असला माल दुकानदार घ्यायचा नाही."

मी दुसऱ्या कामासाठी त्या वाटेनं चाललो होतो. आबा रागानं लाल झाले होते. म्हणाले, "साहेब, पत्राच हलका हाय. त्या डबेवाल्यानं फसिवलं मला. आता जातो आन्‌ त्याच्या दारात टाकतो सगळं डबं."

मी म्हटलं, "आबा, जरा थांबा. जे दोन डबे चेपले नाहीत, ते दुसऱ्या दुकानातले का?"

"न्हाई. सगळं एकाच दुकानातलं."

ते दोन डबे हातात घेऊन बघितले. दोन्हींची झाकणं नीट बसलेली नव्हती. एकाच्या कडेला चोयटीचा तुकडा अडकला होता, दुसऱ्याचं झाकण वाकडं होतं. म्हणजे झाकण घट्ट बसलेले सगळे डबे चेपले, आणि ज्यांना फट राहिली ते दोन जसेच्या तसे राहिले. पत्रा सगळ्यांचा एकच होता. मग डबेवाल्याचा दोष कुठे राहिला?

हवेचं ओझं

आता कारण बघू. आपल्या डोक्यावर कित्येक मैल उंच हवा आहे. हवा दिसत नसली तरी तिला वजन आहे. त्या वजनानं ती प्रत्येक वस्तूवर वरून, खालून आणि चारही बाजूंनी दाबते. हा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो असतो. समुद्रकाठी थोडा जास्त, घाटावर थोडा कमी, पण हिशेबाला एक किलो धरला तरी चालेल.

आपला तळहात सुमारे शंभर चौरस सेंटिमीटरचा धरला, तर त्यावर हवेचं शंभर किलो ओझं पडतं. म्हणजे एक भरलेलं पोतं. मग हात खाली का जात नाही? कारण हाताच्या खालूनही हवा तेवढ्याच जोरानं वर रेटते. दोन्हीकडून सारखाच रेटा असल्यामुळे आपल्याला काहीच जाणवत नाही.

डब्याचंही तसंच. पंधरा किलोच्या डब्याची एक बाजू साधारण 23 सेंटिमीटर रुंद आणि 35 सेंटिमीटर उंच असते. म्हणजे क्षेत्रफळ सुमारे 800 चौरस सेंटिमीटर. त्या एका बाजूवर बाहेरची हवा जवळजवळ आठ क्विंटल जोरानं दाबत असते. आतली हवाही तेवढ्याच जोरानं बाहेर रेटते, म्हणून पातळ पत्र्याचा डबा उभा राहतो. त्याला सावरून धरण्याचं मोठं काम आतली हवा करत असते. तिचा जोर कमी झाला की पत्र्याला ते ओझं पेलत नाही.

आतल्या हवेचा जोर कमी का होतो?

याची कारणं दोन.

पहिलं कारण असं. बंद जागेतली हवा तापली की तिचा दाब वाढतो आणि गार झाली की कमी होतो. त्याचा हिशेब सोपा आहे. सेल्सिअसच्या अंशात 273 मिळवायचे, आणि येणाऱ्या आकड्यांच्या प्रमाणात दाब धरायचा. समजा, 87 अंशावर डबा बंद केला. 87 आणि 273 मिळून 360. रात्री तो 27 अंशावर आला. 27 आणि 273 मिळून 300. म्हणजे 360 भागांतला दाब 300 भागांवर आला. सहावा हिस्सा कमी झाला. आठ क्विंटलचा सहावा हिस्सा म्हणजे सुमारे 130 किलो. दोन धडधाकट माणसं डब्याच्या एका बाजूवर उभी राहावीत, एवढा हा भार झाला.

दुसरं कारण याहून मोठं आहे, ते म्हणजे वाफ. गरम काकवीतून, दुधातून किंवा पाण्यातून वाफ निघते. ती झाकणाखालच्या मोकळ्या जागेत भरते आणि तिथली बरीच हवा बाहेर घालवते. आपण झाकण ठोकतो तेव्हा आत थोडी हवा आणि पुष्कळ वाफ असते. डबा गार झाला की त्या वाफेचं परत पाणी होतं. उकळत्या पाण्याची वाफ पाण्याच्या सुमारे 1,600 पट जागा व्यापते. म्हणजे दोन चमचे पाण्याची वाफ पंधरा किलोचा रिकामा डबा जवळजवळ भरून टाकील. तीच वाफ गार झाली की परत दोन चमचे पाणी, आणि बाकीचा डबा रिता.

मघाचाच डबा घेऊ. तो 87 अंशावर गरम पाण्याच्या वाफेसह बंद केला आणि 27 अंशावर आला, तर आतला दाब जवळजवळ एक तृतीयांश राहतो. मग एका बाजूवरचा जास्तीचा भार पाच क्विंटलच्या वर जातो. काकवीवर पाण्याच्या मानानं वाफ थोडी कमी असते, पण डबा चेपायला तेवढी पुरे होते.

आबांनी एक शंका काढली. "मग साहेब, डबा पार चपटा का झाला न्हाई?" शंका रास्त होती. डबा आत गेला की आतली मोकळी जागा कमी होते. जागा कमी झाली की उरलेली हवा दाटते आणि तिचा दाब पुन्हा वाढतो. आतल्या हवेचा रेटा आणि पत्र्याची ताकद मिळून बाहेरच्या दाबाला पुरे पडली, की चेपणं थांबतं. जागा निम्मी झाली तर दाब दुप्पट होतो. हा नियम रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञानं 1662 साली मांडला. म्हणून डब्यात मोकळी जागा थोडी असेल तर तो थोडा चेपतो, अर्धा रिकामा असेल तर फार चेपतो.

हवेच्या या ताकदीचा अनुभव जुन्या लोकांनीही घेतला होता. सतराव्या शतकात जर्मनीतल्या माग्देबुर्ग गावच्या ओटो फॉन गेरिके यानं एका तांब्याच्या गोळ्यातून पंपानं हवा काढून बघितली, तेव्हा तो गोळा मोठा आवाज होऊन चुरगळला. पुढे त्यानं मजबूत धातूचे दोन अर्धगोल एकमेकांवर बसवून आतली हवा काढली. दोन्ही बाजूंना आठ-आठ घोडे जुंपले, तरी ते अर्धगोल सुटता सुटेनात. आत हवा सोडली मात्र, आणि ते हातानं वेगळे झाले.

घरी करून बघा

आबांना मी खोपटातली पाण्याची एक पातळ प्लास्टिकची बाटली मागितली. तीत पेलाभर कडक पाणी ओतलं, बाटली खळबळली, पाणी ओतून टाकलं आणि लगेच बूच घट्ट लावलं. मग वरून रांजणातलं गार पाणी सोडलं. कडकड आवाज करत बाटली आत गेली. बूच सैल केल्याबरोबर सूं करून हवा आत शिरली आणि बाटली थोडी फुगली. आबा बघतच राहिले. म्हणाले, "म्हंजे डबेवाल्याचा काय दोष न्हाई म्हणायचा." आणि डबे परत टाकायला निघालेली गाडी त्यांनी सोडून ठेवली.

हा प्रयोग मुलांनाही दाखवता येईल, पण गरम पाणी मोठ्या माणसानं ओतावं. एक गोष्ट मात्र कधीही करू नये. बूच लावलेली बाटली, डबा किंवा ड्रम विस्तवावर ठेवू नये. गार होताना भांडं चेपतं, पण बंद भांडं तापवलं तर ते फुटतं आणि माणसाच्या जिवावर बेततं.

काकवी भरताना काय करावे?

काकवी साधारण 103 ते 106 अंशाला उतरवतात. उतरवल्याबरोबर ती डब्यात घालून बंद करू नये. स्वच्छ भांड्यात काढावी, वर स्वच्छ पातळ कापड बांधावे आणि पूर्ण गार होऊ द्यावी. गाळ खाली बसू द्यावा, मग गाळून भरावी. डबे, बाटल्या गरम पाण्याने धुतल्या असतील तर उपड्या घालून चांगल्या कोरड्या कराव्यात.

याचा आणखी एक फायदा आहे. गरम असताना झाकण लावले तर वाफेचे थेंब झाकणाखाली जमतात आणि काकवीवर टपकतात. वरचा थर पातळ होतो, आणि तिथूनच बुरशी येते, काकवी आंबते. म्हणजे घाई केली की डबाही जातो आणि मालही जातो.

काही भगिनी विचारतील, "आम्ही जाम, सॉस गरम असतानाच बाटलीत भरतो, ते चुकीचं का?" नाही, ते बरोबर आहे. तिथे हाच नियम आपल्या कामी येतो. काचेची जाड गोल बाटली हवेचं ओझं सहज पेलते. आत दाब कमी झाला की बाहेरची हवा झाकण घट्ट दाबून धरते आणि माल टिकतो. अशा बाटलीचं पत्र्याचं झाकण मधे किंचित खोलगट झालेलं असतं. तेच झाकण पुढे वर फुगलेलं दिसलं तर आत जंतू वाढून वायू तयार झाला असं समजावं, आणि तो पदार्थ चाखूनसुद्धा बघू नये. कारखान्यातला गोल डबा बघा, त्याच्या अंगावर वळ्या पाडलेल्या असतात. गोल आकार आणि वळ्या यांमुळे तो ओझं पेलतो. आपला चौकोनी, सपाट बाजूंचा डबा पेलत नाही.

गार न होताही चेपतं

आता हाच नियम थोडा पुढे नेऊ. आतला दाब कमी होण्यासाठी भांडं गारच व्हायला पाहिजे असं नाही. आतला माल बाहेर गेला आणि त्याच्या जागी हवा आत आली नाही, तरीही तेच होतं. शेतावर याचे तीन प्रकार नेहमी बघायला मिळतात.

पहिला प्रकार पाठीवरच्या फवारणी पंपाचा. टाकीच्या झाकणात हवा आत येण्यासाठी बारीक भोक किंवा झडप असते. भुकटीचं औषध वाळून ते भोक बुजलं, तर औषध बाहेर जातं पण हवा आत येत नाही. टाकीच्या बाजू आत ओढल्या जातात आणि फवारा कमी होत जातो. आपण समजतो नोझल बिघडलं. अर्ध्या शेतावर औषध नीट पडतं, अर्ध्यावर पडतच नाही, आणि शेवटी दोष औषधाला देतो. म्हणून काम संपल्यावर झाकणासकट पंप धुवावा आणि भोक मऊ ब्रशने मोकळे करावे. तोंडाने फुंकर मारू नये, तोंडात विष जाईल.

दुसरा प्रकार टाकीचा आणि टँकरचा. वरचं झाकण घट्ट लावलेलं असताना खालचा मोठा कॉक एकदम उघडला, तर पाणी धो धो जातं, आत पोकळी होते आणि टाकी आत बसते. आधी वरचे झाकण सैल करावे, मग कॉक सोडावा. घरच्या टाकीला हवेसाठी नळी ठेवावी आणि तिच्या तोंडाला बारीक जाळी लावावी, म्हणजे डास जाणार नाहीत.

तिसरा प्रकार पाइपलाइनचा, आणि यात खर्च सगळ्यांत मोठा. नदीवरून पाणी उचललं, मधे उंचवटा आहे, आणि पलीकडे उतारावर शेत आहे असं समजा. मोटार बंद पडली की उंचवट्याच्या पलीकडचं पाणी आपल्या वजनानं खाली धावतं. मागून पाणी येत नाही आणि हवा शिरायला वाट नाही. उंचवट्यावरच्या पाइपात पोकळी होते. पाण्याचा दहा मीटरचा उतार हवेच्या पूर्ण दाबाइतका जोर लावतो. पाइप पातळ, कमी दाबाच्या प्रतीचा असेल आणि उन्हानं तापून मऊ झाला असेल, तर तो चपटा होतो. मग पुढच्या पाळीला पाणी कमी येतं आणि आपण मोटार उघडून बसतो. यावर उपाय एकच. लाइनच्या प्रत्येक उंच जागी एअर व्हॉल्व्ह बसवावा, आणि तो गंजला किंवा मातीने भरला नाही ना, हे अधूनमधून बघावे. मोटार बंद झाली की तो हवा आत घेतो, सुरू झाली की हवा बाहेर सोडतो. ठिबक संचातही हाच व्हॉल्व्ह उपयोगी पडतो. तो नसला तर पाणी बंद होताना ड्रिपर बाहेरची चिखलमाती आत ओढतात आणि तुंबतात.

जिवाशी खेळ नको

शेवटी एक कळकळीची विनंती. चेपलेला ड्रम सरळ करण्यासाठी तो बूच लावून जाळावर धरू नका. डिझेल, पेट्रोल किंवा औषधाच्या रिकाम्या ड्रमला वेल्डिंग करू नका, कापू नका. ड्रम रिकामा दिसला तरी आत वाफ राहिलेली असते, ठिणगी पडली की भडका उडतो. आणि औषधाचा डबा कितीही धुतला तरी त्यात काकवी, तेल, पाणी किंवा धान्य भरू नका. पोचा आलेला डबा शंभर-दोनशे रुपयांचा. घरातल्या माणसाला किंमत नाही.

त्या गुऱ्हाळावर पुढच्या आधणाची काकवी आबांनी पूर्ण गार करून भरली. त्याच दुकानातले डबे, तोच पत्रा, थंडीही तीच. एकही डबा चेपला नाही. नंतर भेटले तेव्हा म्हणाले, "साहेब, डबेवाल्याशी भांडलो असतो तर डबं बी गेलं असतं आन्‌ माणूस बी तुटला असता." त्यांचं हे बोलणं माझ्या ध्यानात राहिलं आहे. कारण कळलं नाही की आपण माणसावर आळ घेतो. कारण कळलं की उपाय आपल्याच हाती असतो.

लक्षात ठेवा :

1. गरम काकवी, दूध किंवा पाणी पत्र्याच्या अथवा पातळ प्लास्टिकच्या भांड्यात घट्ट बंद करू नये. आधी गार करावे, मग झाकण लावावे.

2. घाईने गरम माल बंद झालाच असेल, तर झाकण सावकाश सैल करून हवा आत घ्यावी, गार झाल्यावर पुन्हा बसवावे.

3. डबा शक्य तितका भरलेला ठेवावा. मोकळी जागा जास्त, तितका डबा जास्त चेपतो.

4. फवारणी पंपाच्या झाकणातले भोक दर वेळी साफ करावे.

5. टाकीचा कॉक सोडण्यापूर्वी वरचे झाकण सैल करावे.

6. पाइपलाइनच्या उंच जागी एअर व्हॉल्व्ह बसवावा.

7. बंद डबा किंवा ड्रम कधीही तापवू नये.

थोडक्यात सांगायचं तर, भांड्यातून काही बाहेर जात असेल किंवा भांडं गार होत असेल, तेव्हा हवेला आत यायला वाट ठेवा.